जावक क्रमांकासह

कऱ्हाड

चि. अश्विनीस,


परवा फोनवर तू विचारलंस, की दिवाळीच्या आधी आईबापांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेली आणि मार्च सरता सरता परत वर्गात येऊन बसलेली जी मुलगी आहे, तिच्या प्रगतिपत्रकात 'विशेष प्रगती'च्या रकान्यात काय लिहू? मी "कळवतो" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, अण्णाकाकांनी टाळलं. टाळलं नाही. तू तिच्या वहीचा जो फोटो पाठवलास तो दोन दिवस पाहतो आहे, आणि जे सांगायचं आहे ते फोनवर सांगायला गेलो तर तुझी काकू मध्येच भाजीचं विचारते.

मी काही शिक्षक नव्हे. जन्मभर शाळेच्या कचेरीत बसलो. जनरल रजिस्टर, हजेरीपट, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पगारबिलं. पण कचेरीतल्या माणसाला एक गोष्ट दिसते ती वर्गातल्या माणसाला दिसत नाही. मुलं शाळा सोडून गेली की पुन्हा येतात ती आमच्या खिडकीशी. दाखल्याची दुसरी प्रत, बोनाफाईड, जन्मतारखेची दुरुस्ती. मोठी झालेली, दाढीमिशा आलेली, कडेवर पोर घेतलेली. त्यांना शाळेकडून कागद हवा असतो, आणि शाळेकडे त्यांच्याबद्दल कागदावर काय असतं? दाखला काढून बघ. अभ्यासातील प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. शेरा : काही नाही. कित्येक शाळांत या दोन 'चांगली'चा रबरी शिक्काच असतो. ज्या पोरानं गॅदरिंगचा सगळा मांडव एकट्याच्या हिमतीवर उभा केला त्यालाही तोच शिक्का, आणि जो पाच वर्षं शेवटच्या बाकावर झोपला त्यालाही तोच.

तुमचे ते वर्णनात्मक नोंदींचे रकाने आले तेव्हा मला खरं तर बरं वाटलं होतं. 20 ऑगस्ट 2010 चा शासन निर्णय, पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना चांगलीच होती, की शिक्षकानं मूल बघावं आणि जे दिसलं ते लिहावं. पुढं काय झालं ते तुला मी सांगायला नको. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग त्याच पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या. विषयवार शंभर शंभर वाक्यं. साठ पोरांचा वर्ग, निवडणुकीची कामं, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं. शिक्षकानं तरी काय करावं! आवड : वाचन. घरात पंचांगापलीकडं छापील कागद नाही अशा पोराच्या पत्रकावरही 'आवड : वाचन' असं मी वाचलेलं आहे.

आणि नववी-दहावीला तर मामला सरळ गुणांवर येतो. हा भाग मी जवळून पाहिला, कारण वाढीव गुणांचे प्रस्ताव तयार करून बोर्डाकडं पाठवायचं काम आमच्याच टेबलावर असायचं. खेळाचे गुण, शास्त्रीय गायन-वादन-नृत्याचे, लोककलेचे, चित्रकलेचे. चित्रकलेला आधी इंटरमिजिएटच्या ए, बी, सी श्रेणींना 15, 10, 5 असे ठरले होते, ते त्याच वर्षी, म्हणजे 2017 मध्येच, 7, 5, 3 वर आले. खेळाला स्पर्धेच्या स्तराप्रमाणं, वर 25 पर्यंत. प्रस्तावाची मुदत जवळ आली की खिडकीशी पालकांची रीघ. त्या रांगेत मुलं क्वचितच असायची. बाप हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन उभा, फाइलमध्ये प्रमाणपत्रं. त्यातल्या काही खेळांची नावंसुद्धा आम्ही पहिल्यांदा त्या कागदावर वाचली. बोगस प्रमाणपत्रांच्या तक्रारी होतात, त्या उगीच होत नाहीत.

म्हणून मी गुणांच्या विरुद्ध आहे असं मात्र समजू नकोस. आमचे चित्रकलेचे सर म्हणायचे, या गुणांनी माझा तास वाचवला. ते खरं होतं. गुण नव्हते तेव्हा दहावीचा चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांचा राखीव तास. गुण आल्यावर हेडसर स्वतः विचारायला लागले, एलिमेंटरीला किती बसले, इंटरमिजिएटला किती. पोरं सप्टेंबरात वस्तुचित्रासाठी बादली आणि वांगी मांडून बसायची, स्मरणचित्रासाठी गावच्या यात्रेत जाऊन 'बघून' यायची, कर्तव्यभूमितीत कंपास नीट धरायला शिकायची. त्यातली दोन-चार पुढं खरोखरच त्या वाटेनं गेली. तीन गुणांच्या आमिषानं का होईना, कागदावर रंग लागला.

पण गुणाचं असं असतं, की तो बेरजेत जातो आणि मग दिसेनासा होतो. 2025 च्या दहावीला राज्यात 211 मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली 113 एकट्या लातूर विभागातली. तुझ्या शेजारचा विभाग, तुला माहीतच आहे तिकडचं वातावरण. बेस्ट ऑफ फाइव्ह आणि वाढीव गुण यांचा हात त्या शंभराला लागलेला असतो. माझी त्या मुलांबद्दल काही तक्रार नाही, कष्टाची पोरं आहेत. पण त्या शंभरातले किती तबल्याचे आणि किती भूगोलाचे, हे अकरावीच्या यादीत कुणाला दिसतं? ज्या गोष्टीची दखल घ्यायची म्हणून गुण दिले, ती गोष्टच पुसली गेली. उरली टक्केवारी.

दुसरं असं, की गुण मिळतो तो ज्याची परीक्षा घेणारं मंडळ आहे, ज्याचं प्रमाणपत्र छापलं जातं, ज्याची फी भरता येते त्याला. हरिनाम सप्ताहात रात्रभर उभं राहून पखवाज वाजवणारं पोर गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला बसलेलं नसेल तर बोर्डाच्या लेखी त्याला वाजवता येत नाही.

आमच्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. टाकीची पाण्याची मोटार जळाली. गावात रिवाइंडिंगचं एकच दुकान, ते नववीतल्या एका पोराच्या मामाचं. मामा परगावी. हेडसरांनी पोरालाच विचारलं, होईल का रे? त्यानं मान हलवली. मोटार उघडली, जळकी वायंडिंग काढायच्या आधी प्रत्येक स्लॉटमधले वेढे मोजले, वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले, तारेचा गेज बघितला, नवी तांब्याची तार भरली, वार्निश मारून उन्हात ठेवली. मी मधल्या सुट्टीत बघायला गेलो तर मला म्हणाला, "अण्णा, एक वेढा जरी कमी भरला ना, तर चालू होती, पण तापती." तिसऱ्या दिवशी पाणी आलं. सादिल खर्चातून बिल काढलं ते मामाच्या नावानं, कारण पावतीपुस्तक मामाचं. व्हाउचर मीच केलं. त्या वर्षीच्या त्याच्या पत्रकात विज्ञानाला काठावर पास. दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. त्यावरच्या प्रश्नाला त्याला किती मिळाले असतील देव जाणे, कारण परिणाम माहीत असणं वेगळं आणि 'टीप लिहा' लिहिता येणं वेगळं. मी त्याला दाखला दिला तेव्हा प्रगतीपुढं तेच छापील 'चांगली' होतं. शाळेच्या सगळ्या दप्तरात त्यानं ती मोटार भरली याचा एकही पुरावा नाही. व्हाउचरवर मामाची सही आहे.

यावर उपाय कुणी केलाच नाही असं नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून आलेला माणूस. त्यांनी आठवी ते दहावीच्या पोरांना आठवड्यातला एक दिवस कामाला लावलं : वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, जनावरं, घर आणि आरोग्य. नुसतं शाळेपुरतं नव्हे, गावाला लागणारी कामं करून द्यायची. फाटक, मांडणी, नळदुरुस्ती. आणि मुख्य म्हणजे तो विषय एसएससी बोर्डानं परीक्षेला घेतला. म्हणजे हाताचं काम बोर्डाला पेलत नाही, ही सबब खरी नाही. मला त्यातलं आवडतं ते असं, की तिथं पोराच्या कामाची पहिली तपासणी परीक्षक करत नाही, ज्याच्या दाराला फाटक बसलं तो करतो. फाटक करकरलं तर तो दुसऱ्या दिवशी येतो.

उलट सीबीएसईनं 2009 मध्ये सीसीई, म्हणजे असंच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, आणलं, तिथं सहशालेय गोष्टींची श्रेणी चांगली असली तर अभ्यासाची श्रेणी वर सरकायची. झालं, सगळ्यांनाच ए! कोण कशाला बी देऊन पालकांची भांडणं ओढवून घेईल? 2017 ला ते गुंडाळलं. आता नव्या धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे, मुलानं स्वतः, सोबत्यांनी आणि शिक्षकांनी मिळून भरायचं. त्याचं मला कौतुक आहे. फक्त त्याची पुस्तिका बाजारात यायच्या आत तुम्ही चार पत्रकं मनापासून भरून घ्या. आणि 2023 पासून राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला आहे. वर्षाचे 1200 तास, 30 तासांना एक क्रेडिट, म्हणजे 40. खेळ, कला, समाजकार्य, सगळं त्यात धरता येईल म्हणतात. तास मोजणं सरकारला सोपं जातं. पण पहाटे चारला फडात उतरणाऱ्या तुझ्या त्या मुलीचे तास मोजायला घेतले, तर जिल्ह्यात सगळ्यांत जास्त क्रेडिट तिलाच द्यावे लागतील. तसं द्यायचं का? इथंच खरी गोम आहे.

त्याआधी एक छोटी गोष्ट. आपल्या सुन्याची थोरली, लंडनजवळ असते ती, तिनं शाळेतून ड्यूक ऑफ एडिंबराचं ब्राँझ केलं. मला आधी वाटलं काही स्पर्धा असेल. नाही. 1956 पासून चालू आहे ती योजना, आणि त्यात पहिला-दुसरा असं काही नाही. एक सेवेचं काम, एक कौशल्य, एक शरीराचा व्यायाम, असं काही महिने नेटानं करायचं आणि एक रात्र मुक्कामाची पायपीट. तिनं एका वृद्धाश्रमात दर शनिवारी चहा दिला. पण मला पटलं ते हे, की शेवटी गुण कुणी दिले नाहीत. त्या आश्रमातल्या बाईंनी चार ओळी लिहून दिल्या, पोरगी काय करते, पहिल्या महिन्यात कशी बुजायची, आता कुणाला किती साखर हे तिला पाठ आहे. पाहणाऱ्या मोठ्या माणसानं आपल्या सहीनं लिहिलेलं. आपल्याकडं स्काउट-गाइडमध्ये याच्या जवळ जाणारं काही आहे, पण तेही आता बरंचसं गुणांच्या फाइलीत जाऊन बसलं आहे.

तर आता तुझ्या वर्गातली ती मुलगी. फोटोतलं पान मी नीट वाचलं. एक ट्रॉली म्हणजे एक खेप. ती भरायला पाच कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, आणि एक अर्धा. काट्यावरची पावती येते ती अख्ख्या ट्रॉलीची. मग वाटणी साडेपाचात. एका ठिकाणी 9.9 टन आहे, तिथं तिनं कोयत्याला 1.8 आणि अर्ध्याला 0.9 असं मांडलं आहे आणि खाली पुन्हा बेरीज करून 9.9 आणून दाखवली आहे. हा ताळा तिला कुणी शिकवला? शाळेत ताळा करायला सांगून सांगून गुरुजी थकतात. शेजारच्या पानावर पंधरवड्याचं टनेज, त्याच्या मजुरीतून मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल वजा, एका कोयत्यानं दोन दिवस आजारपणात बुडवले ते वेगळे. आणि समासात मुकादमाचा आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी. एका ठिकाणी दोन्ही जुळत नाहीत, तिथं तिनं गोल केला आहे. पुढच्या वर्षी नववीच्या बीजगणितात तुम्ही तिला 'गुणोत्तर व प्रमाण' शिकवाल आणि चाचणीला ती कदाचित नापास होईल, कारण पाच महिने वर्ग बुडला आहे.

मग लिही काय? 'गणिताची आवड आहे' हे लिहू नकोस. आवड आहे की नाही आपल्याला माहीत नाही. तिनं ते आवडीनं केलं नसेल, टोळीत लिहितावाचता येणारी तीच एक असेल. 'कष्टाळू व जबाबदार' हेही नको, असली विशेषणं गरिबाच्या पोरांना फार लवकर चिकटतात आणि मग ती कष्टालाच लावली जातात. जे पाहिलंस तेवढं लिही : काट्याच्या पावतीवरून साडेपाच वाट्यांची वाटणी दशांशात करते, ताळा स्वतः करून पाहते, उचल वजा करून पंधरवड्याचा हिशेब मांडते, तफावत दिसली तर खूण करते. खाली : वही स्वतः पाहिली. तुझी सही आणि तारीख. बास.

आणि त्याच पत्रकात 'सुधारणा आवश्यक'खाली तिचं काही लिहू नकोस. ऑक्टोबर अखेर ते मार्च गैरहजर, कारण पालकांबरोबर ऊसतोडीसाठी स्थलांतर, हे लिही. शिक्षण हमी कार्ड दिलं होतं का, दिलं असेल तर इकडच्या कुठल्या शाळेनं तिला बसवून घेतलं का, हेही लिही. नाहीतर उद्या कुणीतरी तुझी ती सुंदर नोंद दाखवून म्हणेल, बघा, फडातसुद्धा पोरं किती शिकतात! इथं कारखान्याच्या तळावरच्या कोप्या मला गच्चीवरनं दिसतात, अश्विनी. तिथं वाटणी शिकलेल्या एका पोरीमागं पाळण्याची दोरी धरून बसलेल्या किती आहेत ते मी बघतो. शिकणं नोंदवायचं, पोरीला तिथं कुणी नेऊन बसवलं तेही नोंदवायचं. एक लिहिलं आणि दुसरं गाळलं तर खोटं होतं.

बाकीच्या पोरांसाठी एक दोनशे पानी वही घाल. जीआरची वाट बघू नकोस. प्रत्येकाला चार पानं. पोरानं स्वतः लिहायचं : शाळेबाहेर काय करतो, कुणी पाहिलं, दाखवता काय येईल. महिन्याला पाच पोरं धर, त्यांचं जे काही आहे ते जाऊन बघ. दुकान, गोठा, भजनी मंडळ, कबड्डीचं मैदान, धाकट्या भावंडाचा अभ्यास. बघितल्याशिवाय सही करू नकोस. सांगून ठेव की याला एकही गुण नाही. पहिल्या महिन्यात निम्मी पोरं काही लिहायची नाहीत, जबरदस्तीनं लिहायला लावू नकोस. आणि हुशार पोरं आईच्या सांगण्यावरून 'समाजसेवा' लिहून आणतील. त्यांना विचार, कुणाची, कुठं, त्या माणसाला मी भेटू का?

मग दहावीच्या शेवटी शाळेच्या लेटरहेडवर प्रत्येकाला एक पान. दोन-तीन वाक्यं, हेडसरांची सही, गोल शिक्का, आणि मी कारकून म्हणून सांगतो, जावक क्रमांक टाकल्याशिवाय देऊ नकोस. तुम्हा शिक्षकांना ही बारीक गोष्ट वाटते. जावक रजिस्टरला नोंद झाली की कार्यालयीन प्रत फाइलला लागते. दहा वर्षांनी ते पोर खिडकीशी येऊन म्हणालं, माझं पत्र पुरात गेलं, तर तिथला कारकून वर्ष विचारून रजिस्टर काढून दुसरी प्रत देऊ शकतो. कर्जाच्या अर्जाला, अप्रेंटिसच्या मुलाखतीला त्याचा किती उपयोग होईल ते सांगवत नाही. पण शाळेच्या दप्तरात त्याच्या नावापुढं त्याचं म्हणून एक वाक्य असेल, जे दुसऱ्या कुणाच्या नावापुढं नाही.

हेडसर म्हणतील, नमुना कुठं आहे? म्हणतीलच. तर मी सोबत एक मसुदा करून पाठवतो आहे, तो टाइप करून घे. स्टेशनरीचा खर्च सादिलात बसतो, त्यांना शंका असली तर माझा नंबर दे.

एक राहिलं. त्या मुलीला विचारल्याशिवाय यातलं काही लिहू नकोस. वहीत मुकादमाच्या आकड्याशेजारी तिनं जो गोल केला आहे, तो शाळेच्या कागदावर आलेला तिच्या बापाला चालेल का? पुढच्या हंगामाची उचल त्याच मुकादमाकडनं घ्यायची आहे. ती नको म्हणाली तर वाटणी आणि ताळा एवढंच लिही, तफावतीचं वाक्य गाळ. तिचं कारण तिला लिहायला लावू नकोस. आणि वहीचा फोटो मला पाठवलास तो आणखी कुणाला पाठवू नकोस, मीही माझ्याकडचा पुसून टाकतो आहे.

काकूनं मेतकूट आणि कुळीथपीठ केलं आहे, एसटीच्या पार्सलनं टाकतो.

तुझा,
अण्णाकाका

ता. क. मसुद्यात 'प्रमाणित करण्यात येते की' असं घातलेलं आहे. तुला ते जड वाटेल. राहू दे, हेडसर त्याशिवाय सही करायचे नाहीत.